इंग्रजीत सर्दी पकडतात



आपल्या राजूरात संध्याकाळी घरोघरी एकच ऐकू येते, "रोज दहा इंग्रजी शब्द पाठ कर." आम्ही पाठ करतोही. कोल्ड म्हणजे सर्दी, फायर म्हणजे आग. पण वाक्य करा म्हटले की गाडी अडते. माझी ताई दहावीला आहे. तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शब्द येतात, तरी ती पण अडते. असे का होते ते मी सांगते.

नुसते नाम येऊन भागत नाही. त्या नामाबरोबर कोणते क्रियापद येते ते माहीत पाहिजे. आणि ते प्रत्येक भाषेत आपापले ठरलेले असते.

आधी आपली मराठीच पाहा. आपल्याला भूक लागते, झोप लागते, घराला आग लागते, दादाला नोकरी लागते, झाडाला कैऱ्या लागतात. काही जणांना तर एसटीत बसले की गाडी लागते! एकटे 'लागणे' एवढी कामे करते. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एक शब्द नाही. भूक लागली तर 'आय ॲम हंग्री', म्हणजे मी भुकेली आहे. झोप लागणे म्हणजे 'फॉल अस्लीप', आणि फॉल म्हणजे तर पडणे. नोकरी 'गेट' करतात, म्हणजे मिळवतात. आणि घराला आग लागली तर 'द हाऊस कॉट फायर', घराने आग पकडली! हे ऐकून आजी म्हणाली, "घराला काय हात असतात का गं?"

'कॉट' हे 'कॅच'चे भूतकाळी रूप. कॅच आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. पण इंग्रज लोक चेंडू पकडतात, मासे पकडतात, बस पकडतात आणि सर्दीसुद्धा पकडतात. 'आय कॉट अ कोल्ड.' आपणही स्टँडवर जालन्याची बस पकडतो, तेवढे जुळते. सर्दी मात्र आपल्याला होते, आपण काही तिच्यामागे पळत नाही. मला तर आपलेच बरोबर वाटते.

परीक्षेचे तर उलटेच आहे. मराठीत मुले परीक्षा देतात अन् गुरुजी घेतात. इंग्लंडात मुले परीक्षा 'टेक' करतात म्हणजे घेतात, आणि गुरुजी 'गिव्ह' करतात म्हणजे देतात. आपल्याकडे पुष्कळ जण इंग्रजीतही परीक्षा 'गिव्ह' करतात. ऐकणाऱ्याला समजते ते.

आपल्या 'करणे'ला तिकडे दोन शब्द आहेत. अभ्यास 'डू' करतात, चहा, आवाज आणि चूक 'मेक' करतात. गुरुजींनी खूण सांगितली की नवीन काही तयार झाले तर मेक, काम उरकले तर डू. पण ही खूण सगळीकडे चालत नाही. 'मेक द बेड' म्हणजे सुतारासारखी बाज तयार करणे नव्हे, अंथरूण-पांघरूण नीट करणे! असले सरळ पाठ करावे.

साहेबांनाही मराठी शिकताना हेच पडले असणार. मोल्सवर्थ साहेबांनी मोठा मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ साली छापला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. आपण मार खातो, शपथ खातो, हवा खातो, भाव खातो. यातले एकही ताटात वाढत नाहीत.

आता पालकांसाठी. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते, २००० सालापासून ते पहिलीपासून झाले. ज्यांची शाळा आधीच सुटली त्यांना वाटते, आपण काय इंग्रजी विचारणार? पण विचारता येते, आणि ते पण मराठीत. "इंग्रजीत सर्दी होते, लागते का पकडतात?" एवढेच विचारा. उत्तर मुलाने द्यायचे.

मी वहीत आता सुटा शब्द लिहीत नाही, जोडी लिहिते. कॅच अ कोल्ड, टेक अ फोटो, डू होमवर्क. दिवसाला तीनच होतात, पण लगेच वाक्यात बसतात.

या कागदाखाली जागा सोडली आहे. 'पडणे'च्या जोड्या तिथे लिहा. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडते, हे तीन मी लिहिले आहेत. इंग्रजी गुरुजींना विचारून शनिवारी शेजारी लिहीन.