दाताआधी हिरडी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीला दातांवर बोलायला बोलावले, याचे तुम्हाला नवल वाटले असेल. मलाही वाटले. मराठी असो की उर्दू, आम्ही कवींनी दातांना मोत्यांची उपमा देऊन देऊन ती पार झिजवली. हिरडीवर मात्र एकही ओळ माझ्या वाचनात नाही आणि मीही कधी लिहिली नाही. आज त्या हिरडीविषयीच बोलणार आहे. कारण आमच्या अम्मीचे दात किडून गेले नाहीत. हिरड्यांनी त्यांना सोडून दिले, म्हणून ते गेले.

आमचे घर जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. सकाळी चूल पेटली की तव्यावर तंबाखू भाजली जायची. काळी झाली की चुरून, फडक्यातून गाळून डबीत भरायची. हीच मिश्री, कोणी तिला मशेरी म्हणतात. ओट्यावर बसलेल्या बायकांत ती डबी जातपात न विचारता फिरायची. सकाळी दात घासायला म्हणून घेतलेली चिमूट पुढे दुपारी आणि मग रात्रीही लागू लागली. नाही घेतली तर अम्मीचे डोके चढायचे. पन्नाशीच्या आतच तिचे पुढचे दात हलायला लागले आणि एकेक करून पडले. पडलेला दात तळहातावर ठेवून ती म्हणायची, "बघ रे, कीड नाही याला." खरेच नव्हती. मुळाशी मात्र दगडासारखा काळपट थर चिकटलेला असायचा. तो थर काय आहे, हे तेव्हा आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. बारीक तंतूंनी तो हाडाला बांधलेला असतो आणि त्यावर हिरडीचे गच्च पांघरूण असते. तोंडातले जंतू दातावर एक चिकट थर धरतात. हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या फटीत तो जास्त साचतो. रोजच्या रोज निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे तो टणक होतो. त्यालाच किटण म्हणतात. ते एकदा धरले की ब्रशने निघत नाही. जंतूंमुळे हिरडी सुजते, लाल होते आणि तिच्यातून रक्त येते. इथवर सगळे भरून येऊ शकते. दुर्लक्ष झाले तर मात्र आतले तंतू आणि हाड झिजू लागते. गेलेले हाड पहिल्यासारखे परत येत नाही. आणि हे सगळे बहुतेक वेळा दुखल्याशिवाय होते. किडलेला दात रात्री झोपू देत नाही; हिरडी बिचारी सोसत राहते.

डेन्मार्कमध्ये हराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 1965 साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना त्यांनी दात घासणे बंद करायला सांगितले. तीन आठवड्यांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा दात स्वच्छ करायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरडीचा आजार नशिबाचा नाही, साचलेल्या थराचा आहे, हे या साध्या प्रयोगाने दाखवून दिले.

हे मला फार उशिरा कळले. चाळिशीत माझ्या ब्रशवर रक्त दिसायला लागले. मी घाबरलो आणि त्या बाजूला ब्रश लावणेच सोडले. तुमच्यापैकी अनेकांनी हेच केले असेल. धुळ्याच्या एका दंतवैद्याने मला समजावले, "जिथून रक्त येते तिथे घाण साचली आहे. तिथेच ब्रश फिरवा, पण हळू." दहा दिवसांत रक्त थांबले. आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा.

आता घासायचे कसे? ब्रश मऊ केसांचा घ्या. तो दातावर सरळ न ठेवता थोडा तिरपा धरा, म्हणजे निम्मे केस दातावर आणि निम्मे हिरडीच्या कडेवर येतील. जागच्या जागी हलके हलवा आणि मग हिरडीकडून दाताकडे झटका: वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. भांडी घासल्यासारखे आडवे रगडू नका. त्याने हिरडी मागे सरते आणि मूळ उघडे पडते. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू विसरू नका. तिथे लाळेची तोंडे उघडतात, म्हणून किटण तिथे सर्वात आधी धरते. दोन मिनिटे पुरेत. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रशचे केस वाकले की तो बदला. सकाळी घासा, पण रात्री झोपताना घासणे मुळीच चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना रान मोकळे मिळते.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असे नाही. चरकसंहितेत दंतधावन दोन वेळा सांगितले आहे, आणि दातांभोवतीच्या मांसाला, म्हणजे हिरडीला, इजा होऊ न देता करावे असेही म्हटले आहे. आमच्याकडे मिसवाक, म्हणजे पिलूच्या झाडाची काडी, वापरण्याची परंपरा आहे. वुजू करताना चूळ भरतात, ती दिवसातून पाच वेळा. काडी कडुनिंबाची असो, बाभळीची असो की पिलूची, ताजी असावी. टोक चावून मऊ कुंचला करावा आणि हिरडीकडून दाताकडे फिरवावा. मात्र मागच्या दाढांच्या आत काडी नीट पोहोचत नाही, म्हणून रात्री ब्रश हवाच. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात चमकतात खरे, पण ते झिजून चमकतात.

आणि मिश्री? मंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोहोचणार? मिश्री दात साफ करत नाही. तंबाखूची गुंगी दुखणे तेवढे झाकते. हिरडी मागे सरत जाते, आणि भाजताना कर्करोग करणारी आणखी द्रव्ये तयार होतात. गरोदर बाईने तंबाखू घेतली तर बाळाचे वजन कमी भरते. तोंडात पांढरा चट्टा किंवा न दुखणारी जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर दाखवायला उशीर करू नका.

किटण काढल्याने दात खिळखिळे होतात, असा एक समज आहे. होते असे की, किटणाने बुजलेल्या फटी मोकळ्या होतात, सूज उतरते आणि काही दिवस दात उघडे वाटतात. दात मुळात किटणानेच सैल झालेले असतात. मधुमेह असलेल्यांनी तर हिरडी तपासून घ्यावीच: साखर वाढली की हिरडी बिघडते, आणि हिरडी बिघडली की साखर आवरत नाही. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. तेव्हा घासणे सोडायचे नाही. खर्चाची भीती असेल तर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात आणि खर्च बेताचा येतो.

व्याकरणात त, थ, द, ध, न यांना दंत्य अक्षरे म्हणतात. अम्मीच्या तोंडातून दात गेले, तशी ही अक्षरेही विरघळत गेली. तिला आवडणारी कळण्याची भाकरी ती दुधात कुस्करून खायची. शेवटी शेवटी ती काय म्हणते, हे नातवंडे मला विचारायची. मी सांगायचो, पण मलाही सगळे कळत नव्हते.

आज रात्री जेवण झाल्यावर आरशासमोर उभे राहा, ओठ वर करा आणि एकदा हिरडीकडे बघा. ती फिकट गुलाबी आणि घट्ट असेल तर उत्तम. लाल, सुजलेली असेल तर ब्रश हातात घ्या, हलक्या हाताने. आणि घरात मिश्रीची डबी असेल, तर ती आईजवळ, वहिनीजवळ बसून, न रागावता, तिच्याकडून मागून घ्या.