हप्त्याचा हिशेब आणि दहावीची लेक

गणित म्हणजे मार्कांपुरता विषय, दहावी सुटली की सुटलो, असा समज आपल्या घराघरांत आहे. पैनगंगेकाठच्या आमच्या किनवटमध्ये एका दहावीच्या मुलीने हा समज खोडून काढला. मोलमजुरी करणाऱ्या प्रत्येक घराने ही हकीकत वाचावी म्हणून आम्ही ती सांगत आहोत.

गणिती प्रतिमान म्हणजे जगण्यातला खरा प्रश्न आकड्यांत मांडणे, तो सोडवणे, उत्तराचा अर्थ लावणे आणि ते प्रत्यक्षाशी पडताळून पाहणे. एन.सी.ई.आर.टी.च्या 2006 सालच्या नववी-दहावीच्या पुस्तकांत यावर स्वतंत्र परिशिष्ट होते. ही मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत शिकणारी. तिच्या गणिताच्या सरांनी वर्गाला सांगितले, "घरातला एक प्रश्न आणा आणि गणितात मांडा." कुणी विहिरीचे पाणी आणले, कुणी कापसाचा भाव. या मुलीने आईचे कर्जाचे कार्ड आणले.

आईने गटातून दहा हजार रुपये घेतले होते. दर 12 टक्के, मुदत एक वर्ष. व्याज 1,200 रुपये, दरमहा हप्ता सुमारे 933. वर वर पाहता हिशेब चोख. पण मुलीला प्रश्न पडला : मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, मग व्याज वर्षभर पूर्ण दहा हजारांवर का?

तिने बारा महिन्यांची शिल्लक एकाखाली एक लिहिली. 10,000, मग 9,167, मग 8,333, असे उतरत शेवटच्या महिन्यात 833. ही तर दहावीतली अंकगणिती श्रेढी! बेरीज आली 65,000. शेकडा एक रुपया महिना या दराने त्यावर व्याज होते 650. भरले 1,200. म्हणजे खरा दर 12 नव्हे, सुमारे 22 टक्के.

सरांनी पडताळा करायला लावला. प्रत्येक हप्त्यातले मुद्दल सारखे आहे, असे तिने धरले होते. बँकेच्या पद्धतीने काटेकोर मांडले तर दर साडेएकवीसच्या आसपास येतो. प्रतिमानात थोडे अंतर राहते. पण बारा आणि एकवीस यांतले अंतर त्याने झाकत नाही.

घरी ती म्हणाली, "आई, दहा हजार तू वर्षभर वापरलेच नाहीस."

"मग पोरी, मी व्याज कशाचं भरलं?"

या प्रश्नाला महत्त्व होते, कारण लेकीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आई दुसरे कर्ज घ्यायला निघाली होती. तो कागद गटाच्या बैठकीत गेला. खरा वार्षिक दर लेखी मिळाल्याशिवाय नव्या कर्जावर सही-अंगठा नाही, असे बायांनी ठरवले.

ही मागणी कायद्याला धरूनच आहे. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थांनी वार्षिक दर व सर्व खर्च दाखवणारे माहितीपत्रक कर्जदाराला द्यावे, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2022 साली केला. खाजगी सावकारासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आहे.

आम्ही कचेरीत रोज आकडेच लिहितो. अनुभवाने सांगतो, फसवणूक मोठ्या आकड्यांत क्वचित असते. ती "फक्त बारा टक्के" अशा गोड शब्दांत असते. तेव्हा आयाबहिणींनो, आज रात्री आपले कार्ड मुलांपुढे ठेवा. एकेका महिन्याची शिल्लक त्यांना लिहायला लावा. पोरांचे गणितही पक्के होईल आणि घरातला पैसाही राहील.