सुरतेच्या भूमीखालील धन

सुरत म्हटले की महाराष्ट्रीय माणसाला शिवछत्रपतींची 1664 सालची स्वारी आठवते, आणि व्यापाऱ्याला जर व हिरे. परंतु त्या जिल्ह्यातील मांगरोळ तालुक्यात वस्तान नावाचे एक गाव आहे. तेथील कोळशाच्या खाणीत जे धन निघाले, त्याची वार्ता आमच्या वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचली असेल.

आरंभ थोडा मागून केला पाहिजे. ज्या काळ्या दगडाची आपण जाती व पाटे-वरवंटे घडवितो, तो दगड एके काळी तापलेला रस होता. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीला लांबच लांब भेगा पडून हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. त्याच सुमारास आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आकाशातून एक प्रचंड अशनी कोसळला आणि डायनोसॉरांचा अंत झाला. त्यांच्या वंशातले पक्षी तेवढे वाचले. या संहाराचा दोष बहुतेक विद्वान अशनीला देतात, कित्येक लाव्ह्यालाही वाटेकरी करतात. तो तंटा मिटलेला नाही.

पुढे खंबायतच्या बाजूची जमीन खचली. समुद्राच्या काठी दलदल झाली, दाट अरण्य माजले. तेव्हा पृथ्वी इतकी उष्ण होती की ध्रुवांवरही हिमाचे थर नव्हते. त्या अरण्याचाच पुढे तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट, झाला. नानी नरोलीचे वीजकेंद्र त्यावरच उभारले गेले. त्या झाडांनी हवेतून घेतलेला कर्ब आपण विजेच्या दिव्यांसाठी पुन्हा हवेत सोडत आलो, हेही जाता जाता ध्यानी घ्यावे.

त्या काळी भारतभूमी उत्तरेकडे सरकत आशियाला भिडण्याच्या बेतात होती. ती कोट्यवधी वर्षे समुद्रात एकटी पडली होती, म्हणून येथील जीव जगावेगळे असावेत असा तर्क होता. तो पारखायचा तर त्या काळचे अवशेष हवेत. भारतीय व अमेरिकन संशोधकांनी आधी राजस्थानात शोध केला. हाती लागली माशांची थोडी हाडे. पुढे गढवालच्या विद्यापीठातील राजेंद्रसिंह राणा खाणी धुंडाळीत दक्षिणेकडे आले व वस्तानला पोहोचले. 2004 साली तेथे सस्तन प्राण्यांची हाडे सापडली. त्यांपैकी एका प्राण्याचे नाव कँबेथेरियम. सुमारे 5 कोटी 45 लाख वर्षांपूर्वीचा, मेंढीएवढा हा जीव घोडा, गेंडा व तापीर यांच्या मूळ पूर्वजाचा जवळचा आप्त ठरला. घोड्याचे मूळ घराणे हिंदुस्थानात असावे, या मताला त्यामुळे बळ आले.

आणखी नवल तृणमण्याचे. आजच्या सालवृक्षाच्या कुळातील झाडांतून पाझरलेली राळ तेथे गोळे होऊन राहिली, आणि तिच्यात मुंग्या, माश्या, मधमाश्या, कोळी अडकून पडले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सातशेहून अधिक जीवांची नोंद आहे. ही राळ अजून पुरती कठीण झालेली नाही. ती द्रावकात विरघळविली की कीटक सबंध हाती येतो, पंखांसकट! ते जीव जगावेगळे निघाले नाहीत. त्यांपैकी कित्येकांचे सोयरे युरोपातील बाल्टिक समुद्राकाठच्या तृणमण्यात आढळतात. तेव्हा भारत वाटला तितका एकाकी नव्हता. बेटांच्या रांगेवरून जिवांची ये-जा चालू असावी असे अनुमान निघते.

अडचण अशी, की ही हाडे कोळशाच्या थराच्या जरा वरच्या मातीत असतात. खाण नसती तर ती कोणाला दिसली नसती. पण खाणवाल्यांच्या लेखी ती माती कुचकामी. कोळसा उघडा करावयाचा तर तीच आधी उपसून टाकावी लागते. दिवसभर मालमोटारी धडधडत असताना संशोधक गुडघे टेकून दात वेचीत, आणि जे वेचायचे राहून जाई ते मातीबरोबर भरावात जाई.