चित्ररोजनिशी

चित्ररोजनिशी म्हणजे रेखाटने, रंगकाम, चिकटकाम आणि हस्तलिखित टिपणे यांनी नियमितपणे भरली जाणारी वैयक्तिक वही होय. तिला चित्रवही, रेखाटनवही किंवा इंग्रजीवरून आर्ट जर्नल असेही म्हणतात. प्रदर्शनासाठी काढलेल्या चित्राहून ती दोन बाबतींत वेगळी असते. तिच्यातील पान पूर्ण झालेच पाहिजे असे बंधन नसते आणि प्रत्येक पानाला तारीख असते. तारखेमुळे एकेकटे चित्र सामान्य असले तरी सर्व पानांची मिळून एक नोंद तयार होते.

प्रस्तुत लेखात या सवयीचे स्वरूप, तिची मराठी परंपरा आणि विशेषतः जालना जिल्ह्याच्या परिसरात तिला उपलब्ध असलेले विषय यांचा विचार केला आहे.

संज्ञा

रोजनिशी हा शब्द मराठीत मनोगतापेक्षा कारभाराशी अधिक जोडलेला होता. पेशवे दप्तरातील रोजनिशा या दैनंदिन हिशेब, हुकूम आणि नेमणुका यांच्या नोंदी आहेत. मनातील विचार लिहिण्याची खासगी डायरी हा अर्थ एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाबरोबर रुळला. चित्ररोजनिशीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. आज काय पाहिले याचा तो हिशेब असतो आणि ते कसे वाटले याची टिपणीही असते. हिशेबाची बाजू दुर्लक्षित झाली की वही सजावटीकडे झुकते. बाजारात मिळणाऱ्या तयार चिकटचित्रांनी भरलेल्या वह्यांत हा दोष ठळकपणे दिसतो.

रांगोळीची वही

महाराष्ट्रात चित्ररोजनिशीचा सर्वांत जवळचा देशी प्रकार चित्रकारांच्या कार्यशाळेत नव्हे, तर घरात आढळतो. तो म्हणजे रांगोळीची वही. अंगणात किंवा उंबऱ्यापुढे रोज काढलेली रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. तिचा आराखडा मात्र वहीत राहतो. मराठवाड्यातील अनेक घरांत शाळेच्या उरलेल्या पानांची वही शिवून तिच्यात ठिपक्यांच्या रांगोळ्या उतरवून घेण्याची रीत होती. मेंदीचे आणि भरतकामाचे नमुनेही बहुधा याच वहीत येत. शेजारणीकडून, आत्याकडून किंवा मासिकातून मिळालेला नमुना उतरवला की त्याखाली ठिपक्यांची संख्या लिहिली जाई.

ही संख्या म्हणजे संपूर्ण रचनेचे सूत्र असते. ‘१५ ते ८’ असे लिहिले असेल, तर मधल्या ओळीत १५ ठिपके देऊन वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी करत ८ पर्यंत जायचे असते. प्रत्येक ओळीतील ठिपके आधीच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधोमध येतात आणि षट्कोनी मांडणी तयार होते. तिच्यात एकूण १६९ ठिपके असतात. ‘१५ बाय १५’ असे असेल तर ठिपके समोरासमोर येतात, मांडणी चौरस होते आणि संख्या २२५ भरते. वही बाळगणाऱ्या स्त्रिया हे गणित सूत्र न शिकता करत. तरीही कलेच्या इतिहासात या वह्यांना स्थान मिळालेले नाही. पुष्कळशा वह्या रद्दीत गेल्या. त्यांवर नाव असे, पण तारीख क्वचितच असे. त्यामुळे एखादा नमुना कोणत्या काळी कोणत्या गावात आला हे सांगणे आता अवघड झाले आहे.

चित्रकारांच्या वह्या

युरोपात लिओनार्दो दा विंची याच्या वह्यांची सुमारे सात हजार पाने उपलब्ध आहेत. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वा याने १८३२ मध्ये मोरोक्कोच्या प्रवासात जलरंगातील रेखाटने आणि त्यांच्या कडेने लिहिलेली टिपणे यांनी वह्या भरल्या. पुढे अनेक वर्षे त्याच्या चित्रांना त्यांतून विषय मिळत राहिले. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिची आयुष्याच्या अखेरच्या दशकातील रंगीत डायरीही प्रसिद्ध आहे.

मराठी चित्रकारांपैकी प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे आहे. रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेल्या बरवे यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि नंतर विणकर सेवा केंद्रात, काही वर्षे वाराणसी येथे, नोकरी केली. नोकरी सांभाळून त्यांनी दीर्घकाळ वह्या लिहिल्या. त्यांत मराठीतील चिंतन आणि लहान रेखाटने एकाच पानावर शेजारी शेजारी येतात. घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू, त्यांचे आकार आणि त्यांच्यामधील रिकामी जागा यांचा विचार ते चित्र रंगवण्यापूर्वी वहीत करत. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकामागे हीच चिंतनाची सवय आहे. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये झालेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात चित्रांबरोबर या वह्यांची पानेही मांडण्यात आली होती. चित्ररोजनिशी ही केवळ हात साधण्याची जागा नसून विचार करण्याचीही जागा आहे, हे बरवे यांच्या वह्यांवरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कोणत्याही मराठी उदाहरणावरून क्वचितच होईल.

नोंद म्हणून मूल्य

जालना जिल्ह्याच्या उत्तर सीमेपासून अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत, आणि हाताने काढलेल्या नोंदीचे मोल काय असते हे त्या लेण्यांच्या इतिहासातून कळते. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांच्या बहुतेक तैलचित्र-प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या कला महाविद्यालयातील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती करून घेतल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत नष्ट झाल्या. दरम्यान मूळ भिंतींवरील रंगाचे पापुद्रे गळतच होते. ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये दोन खंडांत निघाला, आणि आज भिंतीवर न दिसणारे काही तपशील त्या काळच्या प्रतिकृतींवरूनच कळतात.

या पार्श्वभूमीवर भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील मध्ययुगीन मंदिराचा विचार करता येतो. तेथील कोरीव खांबांचे छायाचित्र क्षणात घेता येते. पण एका खांबाचे रेखाटन करायचे तर चौकोनी भाग कोठे संपतो, अष्टकोनी कोठे सुरू होतो आणि झीज नेमकी कोणत्या कडेला अधिक आहे हे ठरवल्याशिवाय रेघ पुढे सरकत नाही. छायाचित्र अधिक अचूक असते यात शंका नाही. परंतु पाहणाऱ्याने काय समजून घेतले हे रेखाटनातच उमटते.

परिसरातील विषय

जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. येथील निसर्ग कोकणासारखा एका दृष्टिक्षेपात चित्रमय वाटत नाही, अशी नवशिक्यांची तक्रार असते. ती फारशी खरी नाही. मोसंबीची एकच बाग वर्षभर चितारली तर आंबिया बहाराची जानेवारी-फेब्रुवारीतील फुले, मृगाच्या पावसावर येणारा दुसरा बहार आणि फळाचा गर्द हिरव्यापासून पिवळसर रंगापर्यंतचा प्रवास वहीत येतो. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. तिच्या सालीचा नेमका हिरवा रंग पेटीतील तयार रंगात मिळत नाही, तो मिसळूनच काढावा लागतो. कापसाचे बोंड फुटण्याचे टप्पे, जालन्याच्या मोती तलावातील पाण्याची चढउतार, राजूरच्या गणपतीच्या टेकडीवरील चतुर्थीची गर्दी, अंबडची बारव हेही विषय आहेत. तलावाची किंवा गावच्या विहिरीची पातळी दर महिन्याला एकाच जागेवरून रेखाटली, तर दुष्काळी वर्षी ती पाने चित्रापेक्षा अधिक काही सांगतात. पायऱ्या मोजून काढाव्यात, अंदाजाने काढू नयेत.

आठवडी बाजारातील माणसे रेखाटताना जवळून टक लावून पाहणे टाळावे. चेहरा ओळखू येण्याइतका स्पष्ट असेल तर त्या व्यक्तीला विचारावे. रेखाटन दाखवले की बहुतेक जण स्वतःच गप्पा सुरू करतात.

शालेय शिक्षणाशी संबंध

राज्याच्या कला संचालनालयामार्फत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. त्यांत स्मरणचित्राचा स्वतंत्र भाग असतो. अनेक विद्यार्थी त्यासाठी बसथांबा, बाग, बाजार अशी ठरावीक चित्रे पाठ करतात. त्यामुळे एकाच वर्गातील सर्व उत्तरपत्रिकांतील झाड आणि छत्री सारखीच दिसते. स्मरणचित्रासाठी स्मरण आधी तयार व्हावे लागते, आणि ते चित्ररोजनिशीने होते. ज्याने आपल्या गावचा बाजार दहा वेळा प्रत्यक्ष रेखाटला आहे त्याला तराजू धरणाऱ्या हाताचा कोन आठवावा लागत नाही. परीक्षेनंतर दहावीला ग्रेडनुसार वाढीव गुण मिळतात, आणि गुण मिळाले की पुष्कळांचे चित्र काढणे थांबते. वहीची सवय लागलेल्यांचे काम त्यापुढेही सुरू राहण्याची शक्यता अधिक असते.

सवय आणि परिणाम

सवय २१ दिवसांत लागते हा समज प्रचलित असला तरी त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले. व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही. म्हणून खाडा झालेली पाने मागाहून भरत बसू नये. आजची तारीख घालून पुढे जावे. वेळेपेक्षा प्रसंग निश्चित करणे अधिक उपयोगी ठरते: सकाळच्या चहानंतर, बसची वाट पाहताना किंवा दिवेलागणीला.

कलाकृती करण्याने ताण कमी होतो का, यावर अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलाकाम केले. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण घटले. पूर्वानुभवाने फारसा फरक पडला नाही. अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा चित्ररोजनिशी हा मानसिक आजारावरील उपचार समजू नये.

साहित्य आणि जतन

सुरुवातीस दोनशे पानी कोरी वही, २बी पेन्सिल आणि काळे बॉलपेन पुरेसे असते. महाग वहीचे पान बिघडेल या भीतीने हात आखडतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे. जलरंग वापरायचे असल्यास जाड कागद घ्यावा. साध्या वहीचा कागद ओलाव्याने सुरकुततो. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातील कोरड्या हवेत रंगाचा ओला थर पसरण्यापूर्वीच वाळतो. अशा वेळी कागद आधी किंचित ओला करावा, लहान भाग घ्यावा किंवा सकाळी लवकर काम करावे. पोस्टर रंगाचा जाड थर वही मिटल्यावर समोरच्या पानाला चिकटतो आणि दुमडल्यावर तडकतो, म्हणून मध्ये पातळ कागद घालावा. पाने आणि फुले चिकटवण्यापूर्वी रद्दीत दाबून पूर्ण वाळवावीत, अन्यथा पावसाळ्यात बुरशी धरते. वही भरल्यावर पहिल्या पानावर नाव, गाव आणि आरंभ-समाप्तीच्या तारखा लिहाव्यात.