दुःस्वप्ने आणि मनाचे बांध

फोपनारचा एक तरुण केळीबागाईतदार माझ्याकडे झोपेची गोळी मागण्यास येत असे. आईने त्याच्या उशाखाली विळा ठेवला होता. मी मात्र त्याला स्वप्नांविषयी कधी विचारले नाही. पुढे त्याला जागेपणीही आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा माझी चूक उमगली.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्नेस्ट हार्टमन यांनी १९८४ साली ‘द नाइटमेअर’ या ग्रंथात वारंवार दुःस्वप्ने पडणाऱ्यांचा स्वभाव वर्णिला. ही माणसे हळवी, बहुधा कलासक्त असतात; स्वप्न व जागृती, आपले व परके यांमधील त्यांचे बांध पातळ असतात. काहींत संशयीपणा, विचित्र समजुती, भासमय अनुभव हे ‘स्किझोटायपी’चे गुणही आढळतात. पुढील अभ्यासांनीही हा संबंध दाखविला आहे.

तथापि संबंध म्हणजे कारण नव्हे. यांपैकी बहुतेकांना मनोविकृती होत नाही. मानसिक आघात, अपुरी झोप, बीटा-ब्लॉकरसारखी औषधे यांमुळेही दुःस्वप्ने पडतात.

म्हणून रुग्णाला स्वप्नांविषयी अवश्य विचारावे. जागेपणी भास, वाढता संशय वा आत्महत्येचे विचार असल्यास त्वरित मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. एरवी स्वप्नाचा शेवट बदलून दिवसा त्याची मनात उजळणी करण्याचा उपचार अनेकांना उपयोगी पडतो.

विळा उशाखाली असू द्यावा; पण रुग्णाला वेडा ठरवू नये, आणि त्याचे स्वप्न ऐकल्यावाचून गोळी लिहू नये.