पुंगळीला नवा खांदा

दुकानात जिचं काडतूस मिळणारच नाही अशी रायफल मुद्दाम बनवून घेणारी एक जमात अमेरिकेत शंभर वर्षांपासून नांदते आहे. या काडतुसांना तिथे ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. त्यांना ना कारखान्याची हमी, ना कुठल्या संस्थेनं ठरवून दिलेली दाबाची मर्यादा. आधीपासून चालत आलेल्या एखाद्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची किंवा रुंदावायची, खांदा मागेपुढे सरकवायचा आणि त्याच मापाची चेंबर कोरणारा रीमर करवून घ्यायचा. झालं नवं काडतूस. पंचाईत त्यानंतर सुरू होते. यात दारू किती भरायची, हे विचारायचं कुणाला?

या उद्योगाचं भांडवल म्हणजे मुबलक पितळ. अमेरिकी लष्करानं १९०६ मध्ये .३०-०६ हे काडतूस स्वीकारलं आणि पुढच्या दोन महायुद्धांत त्याच्या पुंगळ्यांना तोटा राहिला नाही. तिची मान पाव इंची गोळीसाठी आवळली की .२५-०६, मोठ्या गोळीसाठी रुंदावली की .३५ व्हेलन. .२५-०६ हे १९२० च्या आसपासचं, पण रेमिंग्टन कंपनीनं ते आपल्या यादीत घेतलं १९६९ मध्ये. तोवर जवळपास पन्नास वर्षं हौशी लोकांनी ते घरच्या घरी भरलं. .२२-२५० ची गोष्टही तशीच. १९३० च्या दशकात अनेकांनी आपापल्या परीनं ते घडवलं, कारखान्याचं काडतूस झालं १९६५ मध्ये. नेड रॉबर्ट्सचं .२५७ जन्मलं ते जर्मन ७x५७ माउझरच्या पुंगळीतून. हेच ७x५७ इंग्लंडमध्ये ‘.२७५ रिग्बी’ नावानं विकलं जाई, आणि चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये जी रायफल भेट मिळाली, ती याच काडतुसाची. त्यामुळे कुमाऊँच्या जंगलाशी या घराण्याचं नातं आहे, तेही चुलत नव्हे, सख्खं.

या सगळ्यांचा कुलगुरू पार्कर ऑटो ॲकली (१९०३–१९८९). ऑरेगनमधल्या रोझबर्गला त्याचं दुकान होतं. महायुद्धानंतर कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅडच्या कॉलेजात त्यानं बंदूककारागिरी शिकवली आणि शेवटी तो सॉल्ट लेक सिटीत स्थायिक झाला. लष्करी रायफली किती दाब सोसतात, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या फुटेपर्यंत दारू वाढवत नेऊन पाहणं त्याला जास्त पटायचं. या कसोटीत जपानी अरिसाका सगळ्यांत चिवट ठरली. युद्ध हरलेल्या देशाची ती बंदूक टाकाऊ समजणाऱ्या अमेरिकनांना हा धक्काच होता.

पुंगळीच्या बाबतीत त्याची शक्कल साधी होती. अंगाचा निमुळतेपणा कमी करायचा आणि उतरत्या खांद्याला ४० अंशांचा कोन द्यायचा; म्हणजे त्याच लांबीत जास्त दारू मावते. खरी गंमत पुढे आहे. त्याच्या चेंबरमध्ये कारखान्याचं साधं काडतूस सरळ झाडता येतं. दाबानं पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतींना चिकटतं आणि पुंगळी बाहेर येते ती नवा खांदा घेऊनच. मात्र काडतूस आत सैल असेल तर बूड मागे ढकललं जातं, अंग ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर पुंगळी तुटते. म्हणून मान आणि खांदा जिथे मिळतात, तिथे ॲकलीनं चेंबर इंचाचे चार हजारांश आखूड ठेवली. बोल्ट बंद करताना हाताला किंचित अडल्यासारखं होतं. ते अडणं हीच सगळी सुरक्षितता.

त्याच्या विनोदबुद्धीचा नमुना म्हणजे ‘.२२ अर्गस्प्लिटन लाउडनबूमर’. हत्तीच्या शिकारीला शोभणारी .३७८ वेदरबीची पुंगळी घेऊन तिच्या तोंडाशी .२२ ची चिमुकली गोळी बसवली. सेकंदाला ५,००० फुटांचा वेग ओलांडायचा, हा हेतू. काटा ४,६०० च्या थोडा पुढे थांबला. नळीच्या भोकाच्या मानानं पुंगळी अवाजवी मोठी असली की जादा दारूतून वेग फारसा वाढत नाही, फक्त नळी लवकर झिजते, हे ॲकली नेहमी सांगायचा. इथे त्यानं ते स्वतःच करून दाखवलं.

पितळ घडवण्याचं काम मात्र विनोदाचं नाही. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते थंड स्थितीत दाबलं की कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं मठारताना धातू ताठर झाला की कारागीर तो भट्टीत लाल करून पुन्हा नरम करून घेतो. पुंगळीच्या मानेचंही तेच, फक्त इथे बुडाला आच लागता कामा नये. .३०-०६ मध्ये चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत दाब गृहीत धरलेला असतो. बूड नरम पडलं तर जळत्या दारूचा वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

हा मानेचा धडा पितळानं शिकवला तो हिंदुस्थानात. पावसाळ्यात मोहिमा थांबत, तेव्हा ब्रिटिश फौजांची काडतुसं तबेल्यांत ठेवली जात, आणि पावसाळा सरला की गोळीभोवती आवळलेल्या मानांवर तडे दिसत. दमट हवा, घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि थंड घडणीत पितळात साठलेला ताण, असा तिघांचा तो उद्योग. अमोनियाचा हात मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिला. उपाय होता मानेला शेक देण्याचा. चांगल्या पुंगळीच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्या शेकाचीच खूण.

मान फार आवळायची असेल तर ते एका दमात होत नाही. एकामागून एक डाय लागतात, आणि वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्येच रुतून बसते. शिवाय आवळताना पितळ जातं कुठे? ते मानेच्या भिंतीत साठतं, भिंत जाड होते. अशी जाड मान चेंबरमध्ये घट्ट बसली तर गोळी सोडायला तिला फुगताच येत नाही आणि दाब एकदम चढतो. म्हणून मान बाहेरून तासतात, आतून रीम करतात, लांबी छाटतात. शेवटचा आकार देताना काही जण गोळी लावतच नाहीत. थोडी जलद जळणारी दारू आणि तिच्यावर ‘क्रीम ऑफ व्हीट’, म्हणजे अमेरिकन न्याहारीचा रवा. तो रवाच पितळाला चेंबरभर फुगवतो. महागाची गोळी वाचते आणि नळीही.

आता दारूचा हिशेब. वाइल्डकॅटवाला आधी झाडलेल्या पुंगळीत पाणी भरून तिचं वजन करतो. ग्रेनमध्ये मोजलेली ही क्षमता म्हणजे त्याचा पाया. मूळ काडतुसाच्या छापील आकड्यांपासून, तेही खालच्या टोकापासून, सुरुवात करायची. क्षमता जेवढ्या टक्क्यांनी वाढली, त्याच्या चौथाईनं वेग वाढेल, असा जुना आडाखा आहे. पुंगळीत आठ टक्के जास्त जागा म्हणजे वेगात जेमतेम दोन टक्के वाढ. इतकी खटपट करून एवढंच? हो, एवढंच, आणि ज्याला हे मान्य नसतं तो बहुधा जास्त दाबावर वेग विकत घेत असतो. होमर पॉवलीनं १९६० च्या दशकात यासाठी पुठ्ठ्याची सरकपट्टी काढली. आज ‘क्विकलोड’सारखी संगणकप्रणाली तेच काम करते. दोन्ही अंदाजच सांगतात.

जुन्या पुस्तकांत ढीगभर आकडे आहेत. ॲकलीच्या १९६२ च्या हँडबुकात तर असंख्य वाइल्डकॅटांची दारूमापं आहेत, पण त्यांतली बरीच ज्यानं-त्यानं आपल्या रायफलीत आजमावून कळवलेली, दाब न मोजता. चपटा झालेला प्रायमर, जड उघडणारा बोल्ट या दाबाच्या ‘खुणा’ समजल्या जात. त्या दिसतात तोवर बऱ्याचदा मर्यादा ओलांडलेली असते. पुंगळी निम्मीच भरणं हाही शहाणपणा नव्हे, कारण मंद जळणारी दारू फार कमी भरली तर दाब अनपेक्षित उसळल्याची उदाहरणं आहेत. आणि नाव एक असलं तरी रीमर दोन कारागिरांचे असतात. मग नळीची खरी मापं काढण्यासाठी चेंबरमध्ये सेरोसेफ हा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओततात. तो थंड होताना आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि साधारण तासाभरानं चेंबरच्या नेमक्या मापावर येतो; तेवढ्यात मायक्रोमीटर लावायचा.

आपल्याकडे या छंदाला जागा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा ठरतं. तिकडे मात्र वाइल्डकॅटांना घरी बोलावण्याचा सिलसिला चालूच आहे. .२८० ॲकली इम्प्रूव्हडला अमेरिकी उत्पादकांच्या ‘सामी’ संस्थेकडून मानक मिळालं, नॉस्लर कंपनीच्या पुढाकारानं, ॲकलीच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोन दशकांनी. त्यावर पहिला वाद झाला तो त्याच चार हजारांशांच्या आसपास: नव्या मानकाची चेंबर जुन्या रीमरच्या चेंबरशी जुळते की नाही. जुन्या रायफलींचे मालक पुन्हा सेरोसेफ वितळवायला लागले.