प्रयोगशाळेतून सॉलिसिटरच्या कचेरीत

ज्या गुरुजींनी या शाळेत आम्हांला ब्युरेटवरील आकडा डोळ्याच्या रेषेत आणून वाचावयास शिकविले, त्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत मी कायद्यासंबंधी बोलावे, यात थोडी विसंगती आहे खरी. परंतु १९७८ साली ग्वाल्हेरातच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी मुंबईत सॉलिसिटर कशी झाली, हे येथील माजी विद्यार्थी मला वारंवार विचारीत आले आहेत. आता त्यांची मुले विचारतात.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्याकडे ग्वाल्हेर खंडपीठात जो वकील कागद सिद्ध करतो, तोच न्यायासनापुढे उभा राहतो. मुंबई व कलकत्ता उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रात मात्र ही कामे दोघांत वाटलेली असत. पक्षकाराशी बोलणे, कागदपत्रे जुळविणे हे सॉलिसिटरचे काम; युक्तिवाद अ‍ॅडव्होकेटचा. सॉलिसिटरांची ही स्वतंत्र नोंदणी १ जानेवारी १९७७ पासून कायद्याने संपुष्टात आली. म्हणजे सनदेपुरती मीही अ‍ॅडव्होकेटच आहे. तरीही बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा आजतागायत घेते, आणि त्यासाठी अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते. तिलाच आर्टिकलशिप म्हणतात.

त्याआधी कायद्याची पदवी हवी. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. विज्ञानाची आडकाठी तेव्हाही नव्हती, आजही नाही. आडकाठी होती ती घरात. वडील एका गिरणीच्या प्रयोगशाळेत होते आणि कचेरीची पायरी चढणे हे त्यांच्या लेखी संकटाचेच लक्षण होते.

शेवटच्या वर्षी मी लष्करातील एका वकिलांकडे बसत असे. एक दूधवाला आला. त्याच्या दुधात स्निग्धांश कमी असल्याचा सरकारी विश्लेषकाचा अहवाल होता. तेव्हाच्या १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यानुसार नमुन्याचे तीन भाग करीत. एक विश्लेषकाकडे जाई, दोन स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे राहत. अहवाल हाती पडल्यापासून १० दिवसांत आरोपी दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अर्ज करू शके. आमच्या पक्षकाराला अहवाल मिळाला तोवर कित्येक महिने लोटले होते. टिकण्यासाठी घातलेले फॉर्मॅलिनही त्या दुधाला वाचवू शकले नव्हते. नमुना नासल्यावर पृथक्करणाला अर्थ का उरत नाही, एवढे मी दीड पानात लिहून दिले. दह्याच्या नमुन्यासंबंधीच्या घीसाराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच ठरविले होते की, खटल्यास विलंब होऊन नमुना बिघडला व आरोपीचा फेरतपासणीचा हक्क निष्फळ झाला, तर शिक्षा टिकत नाही. दूधवाला सुटला.

रात्री जेवताना वडिलांनी विचारले, “पण दुधात पाणी होते की नव्हते?”

मला उत्तर देता आले नाही. आजही देता येणार नाही. प्रयोगशाळेत शंका आली की पुन्हा मोजता येते, निष्कर्ष पुढे ढकलता येतो. न्यायालयाला तारखेला निर्णय द्यावाच लागतो. म्हणून सिद्ध करण्याचा भार कोणावर, हे कायदा आधी ठरवून ठेवतो आणि भार पेलला नाही तर दुसऱ्या पक्षाच्या बाजूने कौल देतो. “सिद्ध झाले नाही” म्हणजे “घडले नाही” असे नव्हे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला याची सवय व्हायला वेळ लागतो. मला झाली, वडिलांना कधीच झाली नाही.

मुंबईतील उमेदवारी नीरस होती. जमिनीच्या मालकीचा तीस-तीस वर्षांचा माग काढण्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील धुळकट बांडे चाळायची आणि खरेदीखतांच्या नकला ताडून पाहायच्या. विद्यावेतनात महिना निघत नसे. एका वरिष्ठांनी माझा मसुदा “प्रयोगवहीसारखा कोरडा” म्हणून परत केला. परीक्षेत पहिल्या खेपेस मी नापास झाले. परंतु घडलेली गोष्ट त्याच दिवशी, तारीख घालून, आहे तशी लिहिण्याची प्रयोगवहीची सवय मी सोडली नाही; पुढे भेटींच्या नोंदी वादग्रस्त झाल्या तेव्हा तिचाच आधार झाला.

आजच्या मुलांसाठी दोन गोष्टी. पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी लागते, कायद्याची नव्हे. औषधांना १ जानेवारी २००५ पासून उत्पादन-पेटंट मिळू लागल्यावर हे काम वाढले. कर्करोगावरील औषधाच्या नोव्हार्टिस खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे वाद होता तो मुख्यतः एका स्फटिकरूपाचा. इंग्लंडला जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तेथे २०२१ पासून एस.क्यू.ई. ही दोन टप्प्यांची परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव अशी व्यवस्था सुरू झाली आहे. तेथेही पदवी कोणत्याही विषयाची चालते.

मात्र अर्ज भरण्यापूर्वी आठवडाभर जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून यावे. खुल्या न्यायालयात बसायला कोणाची परवानगी लागत नाही. दुपारी तीननंतर, तारखांवर तारखा पडू लागल्यावरही जो बसून राहील, त्याने पुढे माझ्याकडे यावे.